डॅशबोर्डवरची टपली

सीटबेल्टवरच्या टाक्यांपाशी तपासनीस थांबला. त्याने टॉर्च जवळ नेला, पट्टा उलटा करून पाहिला, नखाने एक टाका खरवडून पाहिला.

"हे कोणी शिवलंय?"

"मी," शेजारच्या सीटवरून बाइंडर म्हणाले. नको म्हटलं तरी आवाजात थोडा अभिमान उतरलाच. "पट्ट्याची कड विसविशीत झाली होती. मेण लावलेला दोरा आहे हा, पुस्तकं शिवतो तोच. पट्टा तुटेल एक वेळ, टाका तुटायचा नाही."

"तेच तर," तपासनीस म्हणाला. "टाका सुंदर आहे. नापास."

आणि त्याने कानावरची पेन्सिल काढून हातातल्या फळीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

स्टिअरिंगमागे बसलेल्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. नापास हा शब्द त्यांच्या तोंडून हजारो वेळा निघाला असेल, पण तो स्वतःच्या कानावर पडायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांचा चेहरा असा झाला की बाइंडरना हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

बाइंडर म्हणजे पुस्तकबांधणीचं काम करणारे. दुकान आता बंद झालं होतं, पण गल्लीत सगळे त्यांना अजून बाइंडरच म्हणत, आणि बाईंना बाई. गाडी बाई चालवत. बाइंडरनी तरुणपणी एकदा शिकायचा प्रयत्न केला होता, पहिल्याच दिवशी एका बागेचं कुंपण मोडलं होतं आणि कानाला खडा लावला होता. बाई शिकल्या त्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याही याच गाडीवर. गाडी तेव्हाच नऊ वर्षांची होती. आधीचा मालक दातांचा डॉक्टर, म्हणून बाईंनी गाडीचं नाव ठेवलं डॉक्टरीण. आता डॉक्टरीण एकवीस वर्षांची झाली होती, आणि नोंदणी पुढे चालू ठेवायची तर तिची तपासणी व्हायला हवी होती. गाड्यांच्या हिशेबात हे वय मालकांपेक्षाही जास्त भरतं.

तपासनिसाने गाडीभोवती प्रदक्षिणा सुरू केली. माणूस सडपातळ, बोलणं मोजकं. पुढचे दिवे, मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. तो समोर उभा राहून बोटाने खूण करी, बाई दांडी खालीवर करत, बाइंडरचा हात डॅशबोर्डवर ठेवलेला. सगळं लुकलुकलं. बाईंना जरा धीर आला.

तो धीर फार टिकला नाही. नंबरप्लेटवरचा छोटा दिवा बंद होता. आणि खुद्द नंबरप्लेटपाशी तपासनीस पुन्हा थांबला.

"हे आकडे?"

"ते पण ह्यांनीच," बाई खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या.

आकड्यांचा काळा रंग उडाला होता, तेव्हा बाइंडरनी बारीक ब्रशने ते पुन्हा रंगवले होते. नुसते रंगवले नव्हते. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवताना जी वळणं देतात ती दिली होती. दोनाच्या शेपटीला एक हलकीशी वेलांटी होती. आठ तर पाहत राहावा असा होता.

"काका," तपासनीस म्हणाला, "हे लग्नपत्रिकेवर शोभेल. लांबून कॅमेऱ्याला वाचता येत नाही. नापास."

मग त्याने बाईंना किल्ली फिरवायला सांगितली आणि डॅशबोर्डवर वाकून पाहिलं. तिथे इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. त्या जागी गडद निळ्या बांधणीच्या कापडाचा एक नीटस गोल तुकडा डकवलेला होता.

"तो दिवा सतत जळायचा," बाइंडर पुटपुटले. "हिला चालवताना त्रास होत होता. म्हणून..."

तपासनिसाने मान हलवली आणि लिहिलं. बाइंडरना त्या पेन्सिलीचा खरखर आवाज ऐकवेना.

पुढचं सगळं डॉक्टरणीचं स्वतःचं होतं. पुढच्या टायरची आतली कड झिजून दोरे दिसायला लागलेले, सायलेन्सरला भोक, चाकापाशी असलेल्या एका सांध्याचं रबर फाटलेलं. हँडब्रेक ओढून गाडी उतारावर उभी केली तर ती हळूच, न सांगता, मागे सरकली.

"हँडब्रेक कधीपासून असा आहे?"

"आम्हाला लागतच नाही तो," बाई म्हणाल्या. "गाडी थांबली की हे उतरतात आणि चाकाखाली लाकडाची पाचर लावतात."

"आणि निघताना?"

"निघताना काढतात."

तपासनिसाने पहिल्यांदाच पेन्सिल थांबवून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे काका गाडीचा भागच आहेत म्हणायचं."

"सुटा भाग," बाई म्हणाल्या. "बाजारात मिळत नाही."

कागद घ्यायला ते त्याच्या टेबलापाशी गेले. टेबलावर तपासणीचे नियम असलेलं जाडजूड पुस्तक होतं. त्याची पाठ निघाली होती आणि पानं पळून जाऊ नयेत म्हणून त्याला दोन रबरबँड घातले होते. बाइंडरची नजर तिथे गेली ती तिथेच अडकली. एखाद्याचा सदरा फाटलेला दिसावा आणि सांगताही येऊ नये, तसं त्यांना झालं.

तपासनीस सांगत होता, "चौदा दिवस आहेत. दुरुस्त करून आणा, पुन्हा तपासू. दुसऱ्यांदा नापास झाली तर नोंदणी रद्द. मग रस्त्यावर आणायची नाही."

"म्हणजे भंगारात?" बाईंनी विचारलं.

"मी तसं नाही म्हटलं."

"पण तसंच ना?"

तपासनिसाने कागद पुढे सरकवला. बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

ते परतीच्या वाटेला लागले. पहिल्या वळणाला बाईंनी इंडिकेटरची दांडी दाबली, बाइंडरनी नेहमीप्रमाणे डॅशबोर्डवर टपली मारली, गाडी वळली. दुसऱ्या वळणाला तेच.

"आठ चुका," शेवटी बाई म्हणाल्या. "त्यातल्या तीन तुमच्या."

"दिव्याची धरली का?"

"धरली. ती धरूनच तीन."

बाइंडरनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना जे वाटत होतं, तेच बाईंनी मोजून सांगितलं होतं. जन्मभर त्यांना जमलं ते एकच काम, फाटलेलं जोडायचं. बाईंसाठी त्यांना दुसरं काही करता आलं नव्हतं. मोठं घर नाही, प्रवास नाही, चारचौघांत दोन शब्द बोलणंही नाही. म्हणून ते गाडीला जपत आले होते. सीटच्या उसवलेल्या कडा त्यांनी शिवल्या, दाराच्या आतलं सुटलेलं कापड सरसाने चिकटवलं, डॅशबोर्डखालून एक कटकट यायची तीही त्यांनीच कधीतरी थांबवली. आणि आता कळत होतं की हे सगळं जपणं म्हणजे नापासाची कारणं गोळा करणं होतं.

गाडी गेली तर काय जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दर बुधवारी बाई बाइंडरना शेजारी बसवून पस्तीस किलोमीटर गाडी चालवत टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आपल्या ताईकडे जात. ताई त्र्याऐंशीची. दोघी बहिणी जेवणानंतर पत्ते मांडत आणि तीन तास एकमेकींवर लबाडीचे आरोप करत. ताई खरंच लबाडी करी. बाई ती पकडत, आणि ताई इतकी खूश होई की पुढच्या डावात आणखी मोठी लबाडी करी. बसने जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि वर चढ. बाईंच्या गुडघ्यांनी चढ केव्हाच सोडला होता. घरात त्या काठी धरून भिंतीच्या आधाराने चालत, पण गाडीत बसल्या की पाठ ताठ होई, काठी मागच्या सीटवर जाई, आणि दुसरा गिअर पडता पडता त्या गुणगुणायला लागत. ते गुणगुणणं बाइंडरना फार आवडे. त्यांनी हे बाईंना कधी सांगितलं नव्हतं.

"नवी घेऊ की," ते एकदा चाचरत म्हणाले होते.

"नवी मला ओळखेल का?" बाईंनी विचारलं होतं. "हिला माझा पाय कळतो. सत्तरीला आलेल्या बाईने नवी गाडी शिकायची म्हणजे... नको. ही गेली की माझंही चालवणं संपलं."

त्यावर बोलणं संपलं होतं.

मेकॅनिक बाईंचा जुना विद्यार्थी. शाळेत गणितात तो तीनदा नापास झाला होता आणि ही गोष्ट तो गिऱ्हाइकांना मोठ्या प्रेमाने सांगे. तपासणीचा कागद वाचून तो इतका हसला की त्याला गाड्या उचलायच्या लिफ्टच्या खांबाला धरावं लागलं.

"बाई, शंभरपैकी किती हो?"

"तू गप्प बस. चौदा दिवसांत होईल का ते सांग."

"दहात देतो. टायर, सांधा, सायलेन्सर, हँडब्रेकची केबल, नंबरप्लेटचा बल्ब. इंजिनचा दिवा का जळतोय ते बघतो, सेन्सर गेला असेल. नवीन पट्टा, नवीन प्लेट." मग तो बाइंडरकडे वळला. "काका, तेवढं एक करा. तुम्ही दहा दिवस गाडीला हात लावू नका."

हे बोलणं थट्टेचं होतं, पण बाइंडरना लागायचं तिथे ते लागलं. जुना पट्टा काढला तेव्हा त्यांनी तो मागून घेतला, घरी आणला, आणि खिडकीपाशी बसून एकेक टाका उसवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक आपण घातलेलं आपणच काढावं, एवढंच.

नवव्या दिवशी गाडी तयार झाली. मेकॅनिक म्हणाला, "चला काका, एक फेरी मारून आणू. बाई, तुम्ही बसा, चहा घ्या." बाइंडर सवयीने शेजारच्या सीटवर बसले. मेकॅनिकने चौकात इंडिकेटर दिला, बाइंडरनी टपली मारली. पुढच्या वळणाला पुन्हा.

"काका, ताल धरताय की काय?"

"अं?" बाइंडर म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नाही की तो कशाबद्दल बोलतोय.

"काही नाही. गाडी लोण्यासारखी चाललीये. पास झाली समजा."

चौदाव्या दिवशी, दुपारी तीनला, डॉक्टरीण पुन्हा तपासणीच्या दारात उभी राहिली. तोच तपासनीस, तीच पेन्सिल, तोच टॉर्च. पण या वेळी त्याने दारातच सांगितलं, "गाडी खड्ड्यावर घ्यायची आहे, चालक एकटाच आत. काका, तुम्ही तिकडे बसा." त्याने काचेच्या भिंतीपलीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं.

बाइंडर उतरले. गेल्या बारा वर्षांत बाई त्यांच्याशिवाय गाडीत एकट्या अशा बसल्याच नव्हत्या. त्यांनी खिडकीतून आत पाहून म्हटलं, "जमेल ना?"

"परीक्षा माझी नाहीये, डॉक्टरणीची आहे," बाई म्हणाल्या. "जा, बसा. आणि चेहरा जरा बरा करा. नाहीतर ह्यांना वाटेल आपण काहीतरी लपवतोय."

बाइंडर बाकावर बसले. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. तपासनिसाने पट्टा झटका देऊन ओढला आणि मान डोलावली. प्लेट पाहिली, मान डोलावली. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून सांधा हलवून पाहिला, वर आला, हात पुसले, मान डोलावली. हँडब्रेकवर गाडी खिळ्याने ठोकल्यासारखी उभी राहिली. प्रत्येक डोलावण्यासरशी बाइंडरच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं.

मग तपासनीस नंबरप्लेटचा दिवा बघायला मागे गेला. तो लागला. तिथेच उभं राहून त्याने हात वर करून बाकीचे दिवे दाखवायला सांगितले. ब्रेक. मागे घ्यायचा पांढरा. मग त्याने बोट उजवीकडे केलं.

बाईंनी दांडी दाबली.

आणि काचेच्या अलीकडे, बाकावर बसलेल्या बाइंडरचा हात आपोआप उचलला गेला आणि बाकाच्या लाकडावर एक टपली पडली.

शेजारी बसलेला माणूस दचकला. बाइंडर स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. काचेपलीकडे इंडिकेटर लागला नव्हता. तपासनिसाने पुन्हा बोट उजवीकडे केलं. बाईंनी पुन्हा दांडी दाबली. काही नाही. बोट डावीकडे. काही नाही.

तेव्हा कुठे बाइंडरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकरा वर्षं! अकरा वर्षं इंडिकेटर टपली मारल्याशिवाय लागत नव्हता. सुरुवातीला एकदोनदा तो अडकला, त्यांनी डॅशबोर्डवर बोटांनी हलकेच ठोकलं, तो लागला. बाईंना सांगितलं असतं तर रस्ता सोडून त्या तिकडेच बघत राहिल्या असत्या. म्हणून सांगितलं नाही. मग ठोकायची सवय झाली, आणि सवयीचं झालं की हाताने डोक्याला कळवणंच सोडून दिलं. ते ह्या बिघाडाला बिघाड म्हणणंसुद्धा विसरून गेले होते. मागच्या तपासणीला त्यांनी टपली मारली होती. मेकॅनिकच्या शेजारी बसूनही मारली होती.

काचेपलीकडे तपासनिसाने पेन्सिल कानावरून काढली.

बाइंडर अनोळखी माणसाशी बोलायचं टाळत. दुकानातसुद्धा गिऱ्हाइकाने वाद घातला तर ते आत जाऊन सरस ढवळत बसत. पण आता ते उठले. दारावर 'प्रवाशांना प्रवेश नाही' असं लिहिलं होतं. ते दार त्यांनी ढकललं, जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडली आणि थेट तपासनिसापुढे जाऊन उभे राहिले.

"लिहू नका," ते म्हणाले. मग स्वतःच्या आवाजाला घाबरून हळू बोलले, "म्हणजे, लिहा. लिहायलाच हवं. पण चूक माझी आहे, तिची नाही. तो टपली मारल्याशिवाय लागत नाही."

"कोण?"

"इंडिकेटर. मी मारतो टपली. मागच्या वेळीही मीच मारली होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. फसवायचं नव्हतं हो. माझ्या लक्षातच नव्हतं."

"कधीपासून मारताय?"

"अकरा वर्षं."

तपासनिसाने फळी खाली केली. "दाखवा."

बाइंडर शेजारच्या सीटवर वाकले आणि टपली मारली. गाडीचा डावा दिवा शहाण्या मुलासारखा लुकलुकायला लागला.

बाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं. "अहो," त्या म्हणाल्या, "म्हणजे ती टपली ह्याच्यासाठी होती?"

"मग कशासाठी?"

"मला वाटायचं तुम्ही मला सांगताय. रस्ता मोकळा आहे, वळ म्हणून."

बाइंडर सरळ उभे राहायला गेले आणि डोकं छताला आपटलं. "रस्ता? अगं, मी रस्ता कधीच बघितला नाही. मी तो हिरवा बाण लागतो का ते बघायचो."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"देवा!" बाई म्हणाल्या. "मी बघतच होते म्हणा दोन्हीकडे. पण तुमची टपली आली की मनाला खात्री व्हायची."

तपासनीस तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. थोड्या वेळाने तो वळला तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी होता.

"हे बघा," तो म्हणाला. "टपलीवर चालणारा इंडिकेटर मी पास करू शकत नाही. पण कागद अजून बंद केलेला नाही. पाच वाजता शटर खाली येतं. तोवर दुरुस्त झाला तर आजच्या आज बघीन. नाही झाला तर माझा नाइलाज आहे."

घड्याळात साडेतीन झाले होते. बाईंनी मेकॅनिकला फोन लावला. तो पलीकडून काहीतरी ओरडला. बाई म्हणाल्या, "हो हो, हसायचं ते नंतर हस. आत्ता निघ."

तो यायला एक तास लागला. तो तास दोघांनी बाकावर काढला. बाइंडरच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पुढचा बुधवार. ताई पत्ते पिसून बसलेली असेल आणि दाराकडे बघत असेल. ते म्हणाले, "मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होता? की मी टपली मारतो?"

"आता ही चौथी चूक माझी झाली."

"मोजायचं काम माझं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली होती आणि तिच्या मुठीवर हनुवटी टेकली होती. "आणि मी काही उत्तरपत्रिकेत नुसत्या चुका मोजत नसे. एखाद्याने उत्तर चुकवलं, पण रीत धरून सोडवलं असेल तर मी गुण देत असे. मुख्याध्यापकांना ते आवडायचं नाही."

 बाइंडर खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

साडेचारला मेकॅनिक स्कूटरवरून आला, तो थेट डॅशबोर्डखाली घुसला. पाय तेवढे बाहेर. "इथे एक काळी डबी असते," आतून त्याचा आवाज आला. "रिले म्हणतात. हीच दिव्यांना उघडझाप करायला लावते. ही बघा, अर्धी बाहेर आलीये. टपली मारली की तेवढ्यापुरती चिकटत असणार." मग काहीतरी ओढून काढल्याचा आवाज. "काका, हे काय आहे?"

त्याचा हात बाहेर आला. दोन बोटांच्या चिमटीत पुठ्ठ्याची एक छोटी घडी होती, चारपदरी, कडा काटेकोर दाबलेली, वरून गडद निळं कापड चिकटवलेलं. बाईंच्या शेवटच्या वर्षाच्या हजेरीपटाला बाइंडरनी ज्या कापडाचं कव्हर घातलं होतं, त्याच कापडाची कातरण.

बाइंडरनी ती लगेच ओळखली. डॅशबोर्डखालून येणारी कटकट थांबवायला त्यांनीच ती तिथे खोचली होती. कटकट थांबली होती. आणि त्या पाचरीने रिले हळूहळू आपल्या जागेवरून वर उचलला गेला होता.

"माझीच," ते म्हणाले.

मेकॅनिकने हसायला तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं. त्याने रिले जागेवर दाबून बसवला आणि तो कटकट करू नये म्हणून वरून एक क्लिप लावली. मग बाहेर येऊन म्हणाला, "बाई, मारा आता. टपली नको, दांडी मारा."

तपासनीस गाडीमागे जाऊन उभा राहिला. पाचला बारा मिनिटं होती. त्याने बोट उजवीकडे केलं. दिवा लागला, विझला, लागला. डावीकडे. लागला, विझला, लागला. त्याचा विश्वास बसत नसावा, कारण त्याने बाईंना दार आपटून पुन्हा लावायला सांगितलं, मग इंजिन बंद करून परत सुरू करायला सांगितलं. दरवेळी दिवा लागला. बाइंडर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते, कारण एक हात पुन्हा पुन्हा पुढे यायला बघत होता.

"पास," तपासनीस म्हणाला आणि शिक्का मारला.

बाइंडरचा जीव भांड्यात पडला. बाईंनी कागद हातात घेतला, नीट वाचला, सही कुठे आहे ते पाहिलं, आणि इतकी वर्षं पालकांच्या सभेत ज्या आवाजात बोलत त्या आवाजात म्हणाल्या, "आभारी आहे."

निघताना तपासनीस टेबलापाशी घुटमळला. मग ते रबरबँडवालं पुस्तक उचलून बाइंडरपुढे धरलं. "काका, वेळ असेल तर... ह्याला टाके चालतात. नियमात आहे की नाही ते बघितलं नाही, पण चालतात."

बाइंडरनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. पाठीवरून अंगठा फिरवला. "पाच दिवस लागतील," ते म्हणाले. "सरस वाळायला हवा."

गाडी रस्त्याला लागली. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. नवीन सायलेन्सरमुळे डॉक्टरीण इतक्या हळू आवाजात चालत होती की बाईंनी दोनदा ती बंद पडली की काय म्हणून खात्री केली. बाइंडर पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि दोन्ही हात त्यावर ठेवले होते.

घराकडे वळायचा कोपरा आला. बाईंनी दांडी दाबली. हिरवा बाण मुकाट्याने लुकलुकायला लागला. बाइंडरचा हात पुस्तकावरून उचलला गेला, पण त्यांनी तो अर्ध्यातून मागे घेतला. आता त्याची गरज नव्हती.

गाडी वळेना. समोरचा रस्ता रिकामा झाला, पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"काय झालं?" बाइंडरनी घाबरून विचारलं. "बंद पडली?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि पाठ ताठ होती. "तुम्ही सांगितलं नाहीत ना अजून."

मागून आणखी एक हॉर्न आला. बाइंडरनी पुस्तक मांडीवर एका हाताने सावरलं. मग ते खिडकीकडे वळले, काच खाली केली, मान बाहेर काढून आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा एकदा उजवीकडे, एखाद्या पुस्तकाचं मुद्रित तपासावं तसं सावकाश. एक सायकलवाला जात होता, तो जाऊ दिला. मग त्यांनी मान आत घेतली आणि डॅशबोर्डवर टपली मारली.

गाडी वळली. दुसरा गिअर पडला, आणि बाई गुणगुणायला लागल्या.